हिनेक दोलेझाल यांच्या बिअरला फेस होता

दिनांक ९ सप्टेंबर २०१९, सोमवार, दुपारी साडेतीन वाजता मी लिपावेत्सच्या ग्रामकार्यालयात लेखी अर्ज घेऊन गेलो. गावबखरीच्या दोनशे चौदाव्या पानावरील एका नोंदीस पुरवणी जोडावी, एवढीच त्यात विनंती होती. अर्ज स्वीकारला गेला नाही. त्याच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारण्यासही नकार मिळाला. गावपत्रिकेने माझा मजकूर दोनदा परत पाठवला. तिच्या संपादक आणि बखरीच्या लेखिका एकच आहेत. म्हणून हे पत्रक मी स्वतःच्या खर्चाने छापून प्रत्येक घराच्या टपालपेटीत टाकत आहे.

नोंद अशी आहे: "१३ मे २०१७. अग्निशामक दलाच्या अंगणात घरगुती बिअरची स्पर्धा झाली. माजी तळघर-कामगार हि. दोलेझाल यांच्या बिअरला फेस धरला नाही. एकतीस वर्षांचा हात गेला, हे सर्वांनी पाहिले."

पाहिले होते, हे खरे. पाहणाऱ्यांत मी होतो. परीक्षक म्हणून फेसाच्या रकान्यात शून्य लिहिणाऱ्या तीन हातांपैकी एक माझा होता. तरीही ही नोंद असत्य आहे. ती असत्य का आहे हे सांगायचे, तर हिनेक दोलेझाल कोण होते येथून सुरुवात करावी लागेल, कारण ज्यांनी त्यांच्याविषयी सर्वात जास्त विनोद केले त्यांना ते फारसे ठाऊक नव्हते.

त्यांचा जन्म १९५२ चा. सोळाव्या वर्षी ते शहरातल्या बिअर कारखान्यात उमेदवार म्हणून लागले आणि खडकात खोदलेल्या तळघरात उतरले. तेथे बारा महिने तीन अंशांचे तापमान असे. टाक्या धुणे, आंबलेली बिअर मुरायला सोडणे, बुचाला कान लावून आत काय चालले आहे ते ऐकणे, हे त्यांचे काम. एकतीस वर्षे त्यांनी ते केले. त्या ओलीने त्यांच्या बोटांचे सांधे आल्याच्या गड्ड्यासारखे सुजले. १९९९ मध्ये कारखाना विकला गेला, नव्या मालकांनी तांब्याची भांडी उपटून नेली आणि तळघराला कुलूप घातले. पुढे निवृत्तीपर्यंत ते लाकडाच्या वखारीत फळ्या मोजत होते. मूलबाळ नव्हते. पत्नी ब्लाझेना २००९ मध्ये वारल्या.

त्यांची आणि माझी परसातली भिंत एकच. तिच्या पलीकडे त्यांची धुण्याची खोली होती आणि त्या खोलीत ऐंशी लिटरचा तांब्याचा हंडा. कारखान्याच्या तांबटाने तो त्यांच्या लग्नात भेट म्हणून घडवला होता आणि बुडाशी पितळी तोटी बसवली होती. त्या हंड्यात ते वर्षातून चार-पाच वेळा बिअर शिजवीत. त्यांची बिअर पेल्यात पडली की वर ओल्या सायीसारखा तीन बोटे फेस बसे आणि प्रत्येक घोटानंतर काचेवर एकेक वलय राही. पेला ते साबणाने कधी धूत नसत. थंड पाण्यातून काढायचा, उजेडात धरायचा, मग ओतायचे. मी त्यांना म्हणत असे, "हिनेक, पेला स्वच्छच आहे हो." त्यावर ते म्हणत, "मास्तर, तुमची परीक्षानळी तुम्ही किती वेळा धुता ते मी कधी विचारलंय?"

मी शहरातल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. वीस वर्षांच्या शेजारात आम्ही एकमेकांना 'तुम्ही'च म्हणत होतो. आपल्याकडे 'तू' म्हणायची परवानगी वयाने मोठ्या माणसाने द्यायची असते आणि हिनेक यांना अशा गोष्टींची घाई नसे.

तो हंडा गावातला सर्वात मोठा. त्यामुळे दर वर्षी चाळीस दिवसांच्या उपवासापूर्वी, मासोपुस्तच्या शनिवारी, गावाचे सामुदायिक डुक्कर कापले जाई तेव्हा सूप आणि सॉसेजचे मांस त्यांच्याच हंड्यात शिजे. हिनेक तो कधी नाकारत नसत. परत आल्यावर दोन दिवस धुण्याच्या सोड्याने घासत, उकळते पाणी तोटीतून सोडत आणि हंड्याच्या आत पांढरे फडके फिरवून ते मला भिंतीवरून दाखवीत. चरबीचा एक थेंब फेस मारतो, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. हिनेक यांना तर ते हाडात माहीत होते.

२०१७ च्या फेब्रुवारीत जुना खाटीक निवृत्त झाल्यामुळे ते काम प्रथमच कामिल सोउचेक यांच्याकडे आले. सोउचेक खाटीक, अग्निशामक दलाचे प्रमुख आणि पबचे मालक. हंडा परत आला, घासला गेला, फडके पांढरे निघाले. त्या दिवशी भिंतीवरून हिनेक मला म्हणाले, "मास्तर, एक चांगलं झालं बघा. तोटी सुटली. सुपाच्या वाफेनं असेल. दोन हात लावावे लागायचे, आता करंगळीनं फिरते."

मी म्हणालो, "वा, छान."

त्याच वसंतात ग्रामपंचायतीने ठरवले की जुन्या बंबखान्यात गावाचा छोटा बिअर कारखाना काढायचा आणि स्पर्धा जिंकेल त्याला तेथे बिअर करायला ठेवायचे. स्पर्धा केवळ उपचार होता. काम हिनेक यांचे, हे सगळे धरून चालले होते. ते स्वतःही. पासष्टाव्या वर्षी ते शहरात गेले आणि तळघरात घालतात तसले पांढरे रबरी बूट घेऊन आले. मला दाखवताना त्यांनी खोक्याचे झाकण अर्धेच उघडले होते.

मार्चमध्ये शिजवलेली बिअर नऊ आठवडे मुरली. १३ मे रोजी दुपारी दोन वाजता अंगणात टेबले मांडली गेली. परीक्षक तीन: मी, बखर लिहिणाऱ्या मिलुशे बार्तोनोवा आणि शहरातले एक निवृत्त मद्यतज्ज्ञ. ओतण्याचे काम सोउचेक यांच्याकडे. नियम सर्वांना एकच: ओतल्यावर फेस तीन मिनिटे टिकला पाहिजे.

हिनेक यांचा पेला टेबलावर टेकण्यापूर्वीच त्यातला फेस बसला. वर राहिले ते चार बुडबुडे.

"काका," सोउचेक पेला उंच धरून म्हणाले, "तुमच्या घोड्याला बरं नाहीये का?"

फेस नसलेल्या बिअरला आपल्याकडे घोड्याचे मूत म्हणतात. अंगण हसले. हिनेक पुढे झाले. "कामिल, दुसरी बाटली उघड. पेला थंड पाण्यातून काढ आणि मग ओत."

"सगळ्यांना एकच पेला, काका. सगळ्यांना एकच पाणी. तुम्हाला काय तीर्थ आणू?"

"मास्तर, तुम्ही सांगा ना."

मी नियमांचा कागद पाहिला. त्यात दुसऱ्या बाटलीचा उल्लेख नव्हता. मी तसे सांगितले. मग शून्य लिहिले. पुढचा पेला सोउचेक यांचे मेहुणे पात्रिक यांचा होता. फेस पाच मिनिटे टिकला. बंबखान्यातले काम पात्रिकला मिळाले आणि आजही त्याच्याकडेच आहे.

घरी येऊन हिनेक यांनी आपल्या हाताने धुतलेल्या पेल्यात दुसरी बाटली ओतली. फेस चाळीस सेकंदांत गेला. मी समोर होतो. त्यांनी पेला उजेडात धरला, फिरवला आणि म्हणाले, "म्हणजे कामिल खोटं बोलला नाही." स्पर्धेतली फसवणूक त्यांना परवडली असती. दोष घरातच आहे हे कळले तेव्हा ते खाली बसले.

येथून पुढची पावणेदोन वर्षे आम्ही फेस शोधला. 'आम्ही' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. मी तक्ते आखले. आजचे माल्ट, म्हणजे मोड काढून वाळवलेले बार्लीचे दाणे, मुळातच मऊ असते, त्याला बावन्न अंशांवर जास्त वेळ ठेवले तर ज्या प्रथिनांवर फेस उभा राहतो तीच मोडतात. म्हणून ती पायरी आम्ही गाळली. दुसऱ्या खेपेस मूठमूठ गव्हाचे माल्ट मिसळले. तिसऱ्या खेपेस हॉप्सची फुले वाढवली, कारण त्यांचा कडूपणा फेसाला बांधून ठेवतो. चौथ्या खेपेस उकळण्याचा वेळ कमी केला. पुढे यीस्ट बदलले, आंबवणे थंड आणि संथ केले, मुरवण्याचे आठवडे वाढवले. बाटल्या, नळ्या, ढवळण्याचा लाकडी दांडा, सगळे सोड्यातून काढले. शाळेच्या प्रयोगशाळेत मी नमुने नेले, प्रथिनांसाठी निळ्या रंगाची परीक्षा केली. रंग दर वेळी व्यवस्थित आला. फेस दर वेळी गेला.

चरबीचा संशय आला नाही असे नाही. पहिल्या दिवसापासून तोच होता. आम्ही सर्व काही तपासले, तोटीचे पोट सोडून. तळघराचा एक जुना नियम होता: जी तोटी गळत नाही ती खोलायची नाही, खोललेली तोटी पुन्हा तशी बसत नाही. हिनेक यांनी एकतीस वर्षांत तो मोडला नव्हता. आणि ही तोटी गळत तर नव्हतीच, करंगळीने फिरत होती.

दरम्यान गाव आपले काम करीत होते. पबमध्ये हिनेक यांची खिडकीजवळची जागा ठरलेली. एके शुक्रवारी सोउचेक यांनी त्यांची बिअर ओतली, लाकडी सुरीने वरचा सगळा फेस खरवडून टाकला आणि पेला त्यांच्यापुढे ठेवला.

"घ्या काका. घरच्यासारखी."

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. टेबलावरचे कोणी म्हणाले, "अरे, म्हाताऱ्याला दाढी नाही, त्याच्या बिअरला कुठून येणार?" तिसऱ्या शुक्रवारी हिनेक यांनी त्या पेल्याला हात लावला नाही. पेल्याखालची पुठ्ठ्याची चकती काढून पेल्याच्या तोंडावर ठेवली. आता पुरे, हे सांगण्याची आपली रीत आहे. टोपी घेतली आणि निघाले. त्यानंतर ते पबमध्ये गेले नाहीत. आपल्यासारख्या गावात जो माणूस पबमध्ये जात नाही त्याची कोणाशी गाठ पडते? त्यांची माझ्याशी आणि पोस्टमनशी पडत असे.

२०१८ च्या मासोपुस्तला सोउचेक हंडा पुन्हा मागायला आले. मी भिंतीवरून म्हणालो, "देऊ नका."

"का? डुकरानं माझं काय केलंय?" ते म्हणाले आणि हंडा दिला.

सातवी खेप डिसेंबरात फसली. ती मी पाहिली नाही. त्यांनी ती एकट्याने उघडली आणि गटारात ओतली. जानेवारीत त्यांना न्यूमोनिया झाला. जिल्ह्याच्या रुग्णालयात मी तीनदा गेलो. तिसऱ्या भेटीच्या वेळी, दुपारी, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सूप भरवीत होते, तेव्हा हिनेक यांनी ती सुजलेली बोटे माझ्या मनगटावर ठेवली.

"मास्तर, मला आता तू म्हण. उशीर झाला तसा. राहून गेलं."

मी म्हणालो, "बरं."

"नुसतं बरं नको, म्हण."

"बरं, हिनेक. तू म्हणशील तसं."

"मग आता खरं सांग. तू शिकलेला आहेस. माझं चुकलं कुठं?"

त्या क्षणी मला काही माहीत नव्हते. 'मला माहीत नाही' हे उत्तर माझ्याकडे होते आणि ते खरे होते. पण सव्वीस वर्षे फळ्यापुढे उभा राहिलेला माणूस ते सहज देत नाही. मी म्हणालो, "कदाचित तुझा हात गेला असेल, हिनेक. वयानं जातो. त्यात तुझा दोष नाही."

त्यांनी मनगटावरची बोटे काढून घेतली. म्हणाले, "हं. बखरीतही तसंच आहे म्हणतात." चौथ्या दिवशी, ७ फेब्रुवारी २०१९ रोजी, ते गेले.

अंत्यविधीनंतरचे जेवण सोउचेक यांच्याच पबमध्ये झाले, गावात दुसरी जागा नाही. गोमांसाचा रस्सा होता, डंपलिंग होते. सोउचेक माझ्यापुढे येऊन बसले. डोळे लाल होते. ते रडले होते हे मी नाकारत नाही.

"भला माणूस हो, मास्तर. हंडा मागितला की कधी नाही म्हणाला नाही. म्हणून मीसुद्धा त्याला तो तसाच परत दिला नाही कधी."

"म्हणजे?"

"तोटी. किती घट्ट होती! त्याच्या त्या बोटांनी फिरायची तरी का? पहिल्याच वर्षी खोलली, आतला फिरता खुंटा बाहेर काढला, मस्त चरबी चोळली आणि बसवून दिली. किडनीभोवतीची, पांढरीशुभ्र. हलकं काही नाही."

माझ्या हातातला चमचा मी खाली ठेवला. "त्याला सांगितलं होतं?"

"उपकार काय सांगून करायचे असतात?"

"आणि स्पर्धेच्या दिवशी? तेव्हा आठवलं नाही?"

त्यांनी टेबलावरचा रश्श्याचा डाग फडक्याने पुसला. "आठवलं."

"कधी?"

"ओतताना. फेस बसला तेव्हा."

"मग?"

"मग काय मास्तर. पुढचा पेला पात्रिकचा होता. बायकोचा भाऊ, दोन वर्षं घरी बसलेला. आणि तुम्ही तिघं लिहायलाच लागलात. मला वाटलं, मास्तर एवढा शिकलेला, दोन दिवसांत शोधून काढेल. तुम्ही तर काही बोललाच नाहीत."

"दुसऱ्या वर्षी हंडा नेलात. तेव्हा तरी पुसून टाकायची होती."

"पुसली असती तर तोटी परत घट्ट झाली असती. मग त्यानं विचारलं असतं ना, गेल्या वर्षी सैल कशी होती म्हणून. म्हणून पुन्हा लावली." ते उठले. "रस्सा गार होतोय. जेवा."

त्याच दिवशी तीन वाजता मी धुण्याची खोली उघडली. घराच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. तोटीचा नट काढला आणि खुंटा ओढला. त्याच्या खाचेत पिवळी, खवट झालेली चरबी होती आणि तिच्यात बार्लीची टरफले चिकटलेली होती. तोटी उघडी ठेवून पाणी सोडले की खुंट्याची ती बाजू आत फिरून लपत असे. बिअरचा गरम काढा सोडताना मात्र तोटी पुन्हापुन्हा उघडबंद करावी लागे आणि दर फिरवण्याला थोडी चरबी त्यात उतरे. सात खेपा, आणि प्रत्येक खेपेनंतर आम्ही माल्टला दोष दिला.

मी खुंटा सोड्यात उकळला. हिनेक यांच्या कोठीत माल्टचे एक पोते शिल्लक होते आणि फडताळात त्यांची वही. मार्चअखेर मी त्या वहीतल्या जुन्या रीतीने बिअर शिजवली, माझ्या तक्त्यातली एकही सुधारणा न घेता. माझा हात नवशिक्याचा आहे. पाणी जास्त झाले, एकदा काढा उतू गेला. ८ जून रोजी दुपारी पहिली बाटली उघडली, पेला थंड पाण्यातून काढून. फेस तीन बोटे बसला. मी त्यात आगकाडी उभी केली. शाळेतून आणलेल्या घड्याळावर ती नऊ मिनिटे दहा सेकंद उभी राहिली. पिताना काचेवर वलये उमटली, मी ती मोजली, अकरा होती. चव साधारण होती, ती माझी चूक.

वरच्या फळीवर त्या बुटांचे खोके होते. आत बूट कागदात गुंडाळलेले होते, तळव्यांना मातीचा कण नव्हता.

आता ९ सप्टेंबरची हकीकत. मिलुशेबाईंनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

"मास्तर, बखर शाईनं लिहिलेली असते. खोडता येत नाही."

"खोडू नका. कायद्याने कोणत्याही नागरिकाला पुरवणी सुचवता येते. खाली चार ओळी लिहा."

"काय लिहू? डुकराची चरबी?"

"हो."

"आणि कामिलचं नाव? उद्या त्याच्याच दुकानात जायचंय मला."

"त्यांचं लिहा. त्याआधी परीक्षकांची लिहा. माझं पहिलं."

त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "शून्य मीसुद्धा दिलं होतं, मास्तर. आणि 'हात गेला' हे वाक्य माझं आहे. चांगलं जमलं होतं ते. पन्नास वर्षांनी कुणी हे पान उघडलं तर आपण कसे दिसू?"

"आणि तो कसा दिसेल?"

"तो गेला हो," त्या म्हणाल्या आणि अर्ज माझ्याकडे सरकवला. "सह्या आणा. निम्म्या गावानं सही केली तर सरपंचांना विचारीन. मी स्वतःहून हात लावणार नाही."

लिपावेत्समध्ये मतदार तीनशे बारा आहेत. निम्मे म्हणजे एकशे छप्पन्न. आजपर्यंत सह्या चार झाल्या आहेत: माझी, माझ्या पत्नीची, पोस्टमनची आणि निवृत्त खाटकाची. काहींनी मला दारात सांगितले की मेलेल्या माणसासाठी जिवंत शेजाऱ्याशी वैर कशाला. काहींनी सांगितले की एवढ्याशा फेसासाठी एवढा कागद कशाला. हेच लोक त्या अंगणात हसत होते आणि तेव्हा फेस त्यांना एवढासा वाटला नव्हता.

सोउचेक यांना शिक्षा व्हावी असे मी मागत नाही. पात्रिकचे कामही मागत नाही. पुरवणीचा मजकूर तयार आहे: "वरील नोंद चुकीची आहे. का. सोउचेक यांनी हंड्याच्या तोटीला लावलेल्या चरबीमुळे फेस गेला. ती चरबी परीक्षकांनी व रसायनशास्त्राच्या शिक्षकाने शोधली नाही. हि. दोलेझाल यांचा हात शेवटपर्यंत शाबूत होता."

बुधवार, ६ नोव्हेंबर रोजी तीन ते पाच या वेळेत मी ग्रामकार्यालयाच्या पायऱ्यांवर टेबल घेऊन उभा राहीन. हिनेक यांच्या माल्टच्या एकोणीस बाटल्या शिल्लक आहेत, त्या तेथे उघडल्या जातील. येताना प्रत्येकाने आपल्या घरचा पेला आणावा, म्हणजे पेल्याविषयी कोणाला शंका राहणार नाही. तो साबणाने धुऊ नये. फेस स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा आणि मग टेबलावरच्या कागदावर स्वतःचे पूर्ण नाव लिहून सही करावी. मला एकशे बावन्न सह्या हव्या आहेत.